साच्यातल्या नावाची कुळकथा

सॉफ्टवेअरचा नवा प्रकल्प आता कोऱ्या फोल्डरपासून क्वचितच सुरू होतो. कुणीतरी आधी तयार करून ठेवलेली टेम्प्लेट घ्यायची, नाव टाइप करायचं, की पाच-पंचवीस फायली जागच्या जागी येऊन बसतात आणि प्रत्येकीत आपण दिलेलं नाव हवं त्या रूपात लिहिलेलं असतं. हे 'हवं त्या रूपात' साधायला मात्र बरीच वर्षं लागली आणि अजूनही ते सगळ्यांच्या नावांसाठी साधलेलं नाही.

नावाची जागा मोकळी ठेवून मजकूर आधीच लिहून ठेवायचा, ही सोय जुनी आहे. खरेदीखताच्या छापील मसुद्यात 'लिहून घेणार' या शब्दांपुढे टिंबं असतात, तसंच हे. संगणकावर ती आधी कचेरीच्या पत्रव्यवहारात रुळली. वर्डस्टारच्या मेलमर्जमध्ये ज्याला पत्र पाठवायचं त्याच्या नावाची जागा दोन & चिन्हांच्या मध्ये लिहायची. युनिक्सच्या जगात डेव्हिड मॅकेन्झी यांनी 1991 साली ऑटोकॉन्फ हे साधन लिहायला घेतलं, त्यात हीच जागा दोन @ चिन्हांत गेली. चिन्ह कुठलं घ्यायचं हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. फायलीच्या खऱ्या मजकुरात जे सहज येतं ते खुणेसाठी चालत नाही. जावाच्या मेव्हन या साधनाच्या टेम्प्लेटना याचा चांगलाच जाच झाला. त्या व्हेलॉसिटी नावाच्या इंजिनातून जातात आणि व्हेलॉसिटीला $ आणि # ही दोन्ही चिन्हं स्वतःसाठी हवी असतात. चालू प्रकल्पावरून मेव्हननं टेम्प्लेट बनवून दिली की म्हणूनच फायलींच्या डोक्यावर 'या शब्दाचा अर्थ # आणि त्या शब्दाचा अर्थ $' असं सांगणाऱ्या ओळी दिसतात. नावासाठी राखलेली खूण मूळ मजकुराला अशी नडते.

नावालाही नियम असतात हे जावानं फार लवकर दाखवून दिलं. 1996 साली आलेल्या जावाच्या पहिल्या भाषा-विनिर्देशात, पॅकेजचं नाव जगात एकमेव राहावं म्हणून संस्थेचं इंटरनेटवरचं डोमेन उलटं करून लिहावं, असं सुचवलं होतं. पहिला भाग मोठ्या लिपीत लिहायचा होता. ती पद्धत लवकरच मागे पडली, पण तिची एक खूण राहिली. ओस्वेगोच्या विद्यापीठातले डग ली यांच्या समांतर प्रक्रियांच्या प्रसिद्ध संचाचं नाव मोठ्या लिपीतल्या 'ईडीयू'नंच सुरू होत असे. 2004 साली जावा 5 मध्ये त्याच कामातून भाषेचा अधिकृत भाग घडला. विनिर्देशाच्या पुढच्या आवृत्त्यांत आणखी बारकावे आले. डोमेनमध्ये आडवी रेघ असेल तर तिथे अंडरस्कोर लिहा, नाव अंकानं सुरू होत असेल तर आधी अंडरस्कोर लावा, एखादा भाग भाषेचा राखीव शब्द असेल तर शेवटी लावा. माणसाला चालणारं नाव आणि कंपायलरला चालणारं नाव ही दोन वेगळी आहेत, याची ही कबुली होती.

मायक्रोसॉफ्टनं हा फरक पॅरामीटरमध्येच बांधून टाकला. व्हिज्युअल स्टुडिओ 2005 च्या टेम्प्लेटमध्ये $प्रोजेक्टनेम$ म्हणजे तुम्ही टाइप केलं तेच नाव आणि $सेफप्रोजेक्टनेम$ म्हणजे त्याचंच धुऊन घेतलेलं रूप, जिथे मोकळ्या जागांच्या ठिकाणी अंडरस्कोर येतो. एक नाव दिलं की दोन मिळतात, ही या सगळ्या कथेतली सर्वांत शहाणी कल्पना आहे असं मला वाटतं.

एकाच टेम्प्लेटमध्ये अनेक प्रकल्प असले की ती कल्पनाही तोकडी पडायची. समजा तुम्ही 'दुकान' असं नाव दिलंत आणि टेम्प्लेटमधून 'दुकान.वेब' आणि 'दुकान.डेटा' असे दोन प्रकल्प निघायचे आहेत. वेबच्या कोडमध्ये डेटाचा उल्लेख करायचा म्हणून टेम्प्लेट लिहिणारा साहजिकच $सेफप्रोजेक्टनेम$.डेटा असं लिहितो. पण हा पॅरामीटर आतल्या प्रकल्पाला स्वतःचंच नाव देतो, त्यामुळे फायलीत 'दुकान.वेब.डेटा' उमटतं आणि बिल्ड पहिल्याच ओळीला कोसळतं. मूळचं 'दुकान' आतपर्यंत पोचायला वाटच नव्हती. मग लोक आयविझार्ड हा इंटरफेस वापरून स्वतःचा क्लास लिहू लागले. बाहेरची टेम्प्लेट सुरू होताना रनस्टार्टेड या मेथडमध्ये नाव पकडायचं, एका स्टॅटिक डिक्शनरीत ठेवायचं आणि आतल्या प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी तिथून काढून द्यायचं. त्यासाठी वेगळी असेंब्ली, तिच्यावर सही, तिची नोंदणी असं सगळं आलं. एक शब्द आईकडून मुलाकडे जावा म्हणून एवढी खटपट! व्हिज्युअल स्टुडिओ 2013 च्या एका सुधारणेत कॉपीपॅरामीटर्स नावाची सोय आली आणि $ext_ हा उपसर्ग लावला की बाहेरच्या टेम्प्लेटचं नाव थेट हाती लागू लागलं. ज्यांनी आधी ते क्लास लिहिले, दुरुस्त केले आणि इतरांना दिले, त्यांच्या मेहनतीमुळेच ही गरज ठळक झाली.

पायथनच्या बाजूला वळण वेगळं होतं. इयन बिकिंग यांच्या पेस्टस्क्रिप्टमध्ये फोल्डरच्याच नावात दोन + चिन्हांमध्ये 'पॅकेज' असं लिहायचं. 2013 साली ऑड्री रॉय ग्रीनफेल्ड यांनी कुकीकटर आणलं. त्यात प्रश्नांची यादी एका छोट्या जेसन फायलीत असते आणि एका उत्तरावरून दुसरं उत्तर आपोआप सुचवता येतं. प्रकल्पाचं नाव मोकळ्या जागांसकट द्या, त्यावरून लहान लिपीतलं, अंडरस्कोर घातलेलं 'स्लग' तयार होऊन समोर येतं. पटलं तर एंटर दाबा, नाही तर बदला. यंत्र सुचवतं आणि माणूस ठरवतो.

डॉटनेटच्या नव्या टेम्प्लेट इंजिननं 2017 मध्ये खुणाच काढून टाकल्या. त्यात टेम्प्लेट म्हणजे खराखुरा चालणारा प्रकल्प असतो. त्याचं नाव 'कंपनी.वेबअ‍ॅप्लिकेशन1' असेल तर 'सोर्सनेम' म्हणून तेवढं सांगायचं. कोडमध्ये आणि फायलींच्या नावांत जिथे जिथे ते असेल तिथे नवं नाव येतं. टेम्प्लेट न मोडता रोज चालवून तपासता येते, हा याचा मोठा फायदा.

आता आपल्या नावांचं पाहू. सीशार्प, जावा आणि पायथन 3 या तिन्ही भाषांना देवनागरी नावं चालतात, काना-मात्रांसकट. अडतात ते साचे. नाव तपासण्यासाठी कुकीकटरच्या मार्गदर्शिकेत जो नमुना दिला आहे तो फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर स्वीकारतो. जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कमधल्या, स्लग बनवणाऱ्या स्लगिफाय फंक्शनला 'ग्रंथालय' दिलं तर काहीच उरत नाही. युनिकोड चालू द्या असं सांगितलं तर 'गरथलय' मिळतं, कारण पायथनच्या रेगेक्समध्ये काना, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरं धरली जात नाहीत. भाषेनं मान्य केलेलं नाव साधनानं खाऊन टाकावं, हे मला अजिबात पटत नाही.

तुम्ही टेम्प्लेट लिहीत असाल तर दोन पॅरामीटर वेगळे ठेवा. एक माणसांना दिसणारं नाव, जे आहे तसंच राहील, आणि दुसरं कोडमधलं, जे सुचवलं जाईल पण बदलता येईल. आणि टेम्प्लेट बाहेर देण्यापूर्वी 'ग्रंथालय' हे नाव घालून एकदा चालवून बघा.