काजव्यांचा फोटो फ्लॅशशिवाय कसा काढतात?

मे संपत आला की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते ती काजव्यांसाठी. वळवाच्या सरींपासून मोसमी पाऊस जोर धरेपर्यंत, साधारण जूनच्या मध्यापर्यंत, हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडं रात्री लुकलुकत असतात. प्रत्येकाला तो फोटो हवा असतो. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये मात्र नुसता काळोख उतरतो. मग फ्लॅश सुरू होतात.

फ्लॅशनं बिघडतं काय?

आधी तर फोटोच. फ्लॅशचा उजेड काही मीटरच पोचतो. जवळची पानं पांढरीफटक दिसतात आणि काजव्याचा मंद प्रकाश त्यात बुडून जातो.

खरं नुकसान काजव्यांचं होतं. त्यांचं चमकणं ही जोडीदाराला घातलेली साद असते. नर ठरावीक लयीत चमकतो, मादी उत्तर देते. अळी असताना काजवा कित्येक महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन जगतो. पंख फुटल्यावर मात्र हाती मोजके आठवडेच असतात आणि त्यातच जोडीदार शोधून अंडी घालायची असतात. टॉर्च, हेडलाइट किंवा फ्लॅशच्या उजेडात हे संकेत पुसले जातात.

मग ते सोनेरी ठिपक्यांचे फोटो?

तसं दृश्य डोळ्यांना एका क्षणी दिसतच नाही. ते अनेक फोटो एकावर एक ठेवून तयार केलेलं असतं. २० सेकंदांच्या ६० फ्रेम जोडल्या, की २० मिनिटांचं चमकणं एका चित्रात येतं.

त्यासाठी उजेड असतानाच पोचावं लागतं. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून झाडावर फोकस करायचा आणि तो मॅन्युअलवर टाकायचा, कारण अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. संधिप्रकाशात झाडाची एक फ्रेम घेऊन ठेवायची. शेवटच्या चित्रात झाडाचा आकार तिच्यातूनच येतो. पुढे कॅमेरा जराही हलवायचा नाही.

अंधार पडल्यावर आयएसओ १६००च्या आसपास, छिद्र लेन्सला जमेल तितकं मोठं आणि शटर १५ ते ३० सेकंद. किट लेन्सवरही हे जमतं. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवावं, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडकून बसतो. घरी आल्यावर गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम थरांनी रचून 'लाइटन' मोड निवडला, की प्रत्येक फ्रेममधले उजळ ठिपके तेवढे वर येतात.

मोबाइलमध्ये प्रो मोड असेल आणि शटर १० सेकंदांच्या पुढे जात असेल, तर छोट्या ट्रायपॉडवर हेच करता येतं. हातात धरून मात्र नाही.

अमावस्येच्या आगेमागे आकाश काळं मिळतं. स्क्रीनचा उजेड कमीत कमी ठेवावा, कॅमेऱ्याच्या फोकस-दिव्यावर काळी चिकटपट्टी लावावी आणि चालताना लागलाच तर लाल जिलेटिन लावलेला टॉर्च जमिनीकडे धरावा. पायवाट सोडून गवतात शिरू नये, कारण माद्या बऱ्याचदा तिथेच बसलेल्या असतात आणि पालापाचोळ्यात अळ्याही असतात.

फोटो टाकताना तो किती फ्रेमचा आहे, हे खाली लिहिलेलं बरं. ते न लिहिल्यामुळेच दरवर्षी कित्येक जण सोन्यानं मढलेलं झाड बघायला येतात आणि ते दिसलं नाही म्हणून झाडावर टॉर्च मारतात.