सोनगड : राजधानी निघून गेल्यानंतर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी इतिहास शिकलो. त्यांच्यासमोर बाकावर बसलेला विद्यार्थी आज त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर उभा राहतो, यात माझ्या योग्यतेपेक्षा आपल्या लोभाचा भाग अधिक आहे, याची मला नम्र जाणीव आहे. विषय निवडताना मनात थोरामोठ्यांची चरित्रे आली, मोठमोठ्या लढाया आल्या. पण गुरुजींनी एकदा वर्गात विचारलेला आणि मी आजवर पुरता न सोडवलेला एक प्रश्न त्या सर्वांना मागे सारून पुढे आला. तो प्रश्न सोनगडचा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी सोनगड पाहिले आहे, आणि तरीही पाहिलेले नाही. दिवाळीला अथवा उन्हाळ्याच्या सुटीत आपण उधन्याहून भुसावळच्या गाडीत बसतो. बारडोली जाते, व्यारा जाते, सपाट शेते संपून टेकड्या सुरू होतात, आणि उकाई-सोनगड स्थानकाच्या आसपास डोंगरमाथ्यावर तटबंदीची रेघ दिसते. कोणीतरी मुलांना म्हणतो, "तो बघा, गायकवाडांचा किल्ला." तोवर नवापूरची चाहूल लागते, ज्या स्थानकाचा फलाट अर्धा गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. मुले त्या गमतीत रमतात, आणि सोनगड मागे पडते. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेल्या हजारो कुटुंबांचे आणि सोनगडचे नाते असे खिडकीपुरतेच राहिले आहे.

सुरतेच्या पूर्वेस सुमारे ९० किलोमीटरांवरचे हे लहानसे नगरपालिकेचे गाव. सौराष्ट्रातील सोनगडशी गल्लत होऊ नये म्हणून त्याला 'फोर्ट सोनगड' असेही म्हणतात. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वीस हजारांच्या आसपास. इतक्या लहान गावाचा कसला आला इतिहास, असे कोणी विचारील. युरोपात आल्प्स पर्वताच्या कुशीतल्या ऑस्ट्रियातील खेड्यांत असे विचारत नाहीत. तेथे लहान लहान ग्रामपालिकाही आपल्या गावाचा ग्रंथ सिद्ध करतात. कोणते घर कोणाचे, चर्चची घंटा केव्हा ओतली, कोणत्या वर्षी हिमाचा कडा कोसळून किती माणसे गेली, हे सारे त्यात येते. आपल्याकडे इतिहास राजधानीत जन्मतो आणि राजधानी हलली की तिच्या सामानाबरोबर निघून जातो. सोनगडचे नेमके हेच झाले.

सोनगड प्रथम राजधानी झाले कसे, ते आधी पाहू. पुण्याजवळच्या दावडीचे गायकवाड हे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पदरी होते. दमाजी गायकवाडांनी १७२० च्या बाळापूरच्या लढाईत पराक्रम करून 'समशेर बहादूर' हा किताब मिळवला. त्यांचे पुतणे पिलाजी हे या घराण्याच्या गुजरातेतील सत्तेचे खरे संस्थापक. त्यांची पागा प्रथम नवापुरास होती. परंतु खानदेशावर हक्क सांगणाऱ्या कंठाजी कदम बांड्यांसारख्या मातब्बर सरदारांशी खटके उडू लागले, आणि पिलाजींना जागा सोडावी लागली. म्हणजे मराठ्यांनी मराठ्यांस हुसकावले, म्हणून पिलाजी पश्चिमेकडे सरकले आणि १७१९ साली त्यांनी मेवासी भिल्लांकडून सोनगडचा डोंगर जिंकून घेतला.

ही जागा लढवय्याच्या डोळ्याने हेरलेली होती. पूर्वेस खानदेशातून उतरणारी वाट, दक्षिणेस डांगचे अरण्य, उत्तरेस तापीचे पात्र, आणि पश्चिमेस, घोड्याच्या काही मजलांवर, साऱ्या हिंदुस्थानात श्रीमंत म्हणून नावाजलेले आपले सुरत बंदर. शिवछत्रपतींनी १६६४ आणि १६७० साली सुरतेवर स्वाऱ्या केल्या, पण ते आले तसे परत गेले. पिलाजींना परत जायचे नव्हते. दरसाल चौथाई वसूल करायची तर जवळपास पाय रोवायला जागा हवी, आणि पाठलाग झाला तर शिरायला रान हवे. सोनगडाने ही दोन्ही कामे केली. सुरत अठ्ठाविशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परगण्यांवर गायकवाडांचा अंमल बसत गेला, तो या डोंगराच्या आधाराने.

तो आधार किती मोलाचा होता, हे पडत्या काळात दिसले. १७३१ साली डभोईजवळ पहिल्या बाजीरावांशी झालेल्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. पिलाजींचा एक पुत्र पडला आणि स्वतः जखमी पिलाजी सोनगडाच्या आश्रयास आले. पुढच्याच वर्षी, १७३२ मध्ये, डाकोर येथे मारवाडच्या अभयसिंहाच्या माणसांनी दगा करून त्यांचा खून केला. अशा वेळी घराणे बुडावयाचे. पण त्यांचे पुत्र दुसरे दमाजी यांच्या काळात १७३४ साली बडोदे गायकवाडांकडे आले ते कायमचेच. १७५१ साली दमाजी पेशव्यांच्या कैदेत पडले, गुजरातचा निम्मा वाटा कबूल करून सुटले, १७५३ च्या अहमदाबादच्या मोहिमेत झळकले आणि १७६१ साली पानिपतावरून जिवंत परतले. त्यानंतर काही वर्षांतच त्यांनी आपले ठाणे उत्तरेस पाटणला नेले. १७६८ साली ते तेथेच निवर्तले, आणि पुढे बडोदे ही राजधानी झाली.

शाळकरी वयात मी हा वृत्तांत मोठ्या आवेशाने लिहून गुरुजींना दाखवला होता. सुरतेत राहणाऱ्या मराठी मुलाला तो अभिमानाचा विषय वाटणे स्वाभाविक होते. 'आपण' येथे परके नाही, 'आपली' राजधानी येथे होती, असे काहीसे मी शेवटी लिहिले होते. गुरुजींनी वही वाचली, शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त केल्या आणि विचारले, "पिलाजी येण्यापूर्वी त्या डोंगरावर कोण होते? आणि दमाजी गेल्यावर तिथे कोण राहिले?" मी म्हणालो, "पुस्तकात नाही, गुरुजी." ते म्हणाले, "मग तुझा इतिहास अर्धाच झाला."

उरलेला अर्धा भाग पुस्तकांत फुटकळ तुकड्यांनी सापडतो. बखरींत 'मेवासी' हा एक शब्द येतो आणि पुढचे वाक्य दुसऱ्या मोहिमेकडे वळते. ज्यांचा डोंगर गेला त्यांची नावे नाहीत. तट चढवताना दगड वाहणाऱ्यांची नाहीत, रानातल्या वाटा दाखवणाऱ्यांची नाहीत. राजधानी गेल्यावर मात्र राहिले तेच: गामित, चौधरी, वसावा आणि बांबूच्या विणकामात निष्णात असलेले कोटवाळिया. नवसारी प्रांतातला हा रानाचा, हिवतापाचा भाग दीर्घकाळ मागे पडून राहिला.

या पडत्या गावात पुढे दोन गोष्टी घडल्या, आणि माझ्या मते त्या पिलाजींच्या विजयाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

पहिली, शाळा. महाराजा सयाजीराव तिसरे यांनी १८८५ च्या सुमारास सोनगड येथे आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढली. 'धाणका बोर्डिंग' हे तिचे नाव. संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण आले ते १९०६ साली. म्हणजे ज्या डोंगराने गायकवाडांना राज्य दिले, त्याच्या पायथ्याशी त्याच घराण्याने दीडशे वर्षांनंतर पाटी आणि लेखणी ठेवली. या शाळेशी फतेहखान पठाण या निष्ठावान शिक्षकाचे नाव जोडलेले आहे. तेथे शिकलेल्या तरुणांनी पुढे आपल्याच समाजात दारूबंदी आणि शिक्षणाचा प्रचार केला. आपण सारे एका शाळेच्या छत्राखाली जमलो आहोत, म्हणून मी येथे क्षणभर थांबतो. सरदारांची नावे तोंडपाठ असणाऱ्या आपल्याला या शिक्षकाचे नाव आज प्रथमच ऐकावे लागत असेल, तर दोष केवळ आपला नाही, आपल्या पाठ्यपुस्तकांचाही आहे.

दुसरी घटना १९२२ सालची. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत एका देवीचा संचार सुरू झाला. नाशिक आणि खानदेशचे डोंगर व डांगचे रान ओलांडत ती १९२२ च्या अखेरीस सोनगड-व्यारा भागात आली. लोक तिला सलाबाई म्हणत. गावोगाव मांडव पडले, अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवीची आज्ञा होऊ लागली: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, घर स्वच्छ ठेवा, दारूच्या पीठेवाल्यांची मजुरी करू नका. ज्या पीठेवाल्यांकडे आणि सावकारांकडे जमिनी गहाण पडल्या होत्या, त्यांच्या दुकानांकडे गावांनी पाठ फिरवली. हे कोणा पुढाऱ्याने योजले नव्हते. राष्ट्रीय चळवळीचे कार्यकर्ते नंतर आले. जानेवारी १९२३ मध्ये शेखपूर येथे वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, आणि 'काळीपरज' या हिणवणाऱ्या नावाच्या जागी पुढे 'रानीपरज' हे नाव रूढ झाले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली या चळवळीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे ती अभ्यासकांच्या नजरेस आली. खानदेशच्या वाटेने सोनगडास घोडदळ आले, हे मी शाळेत शिकलो. त्याच डोंगरवाटांनी ही देवीही आली, हे मात्र पन्नाशी उलटल्यावर कळले.

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले, आणि सोनगड सुरत जिल्ह्याचा तालुका म्हणून राहिले. २ ऑक्टोबर २००७ पासून ते नव्या तापी जिल्ह्यात आहे. पण या सरकारी तारखांपेक्षा मोठी घटना मधेच घडली होती. १९७२ साली सोनगड तालुक्यात उकाईचे धरण पुरे झाले. जवळजवळ पाच किलोमीटर लांबीची ही भिंत. तिच्यामागे सुमारे ६०० चौरस किलोमीटर जमीन आणि सुमारे १७० गावे पाण्याखाली गेली. त्यांत महाराष्ट्राच्या बाजूची, नवापूर-नंदुरबारकडील गावेही होती. सिंचन, वीज आणि पूरनियंत्रण हे धरणाचे हेतू होते. सुरतेच्या नळाला उन्हाळ्यात पाणी टिकते, शेतात ऊस उभा राहतो, त्यामागे हे धरण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि आपले शहर बुडाले, तेव्हा मी कुटुंबासह दोन रात्री शेजाऱ्यांच्या गच्चीवर काढल्या. खाली घरातली पुस्तके, आईची पेटी, गुरुजींनी तपासलेली ती वही, सारे पाण्यात होते. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले आणि आम्ही घरी परतलो. चिखल उपसताना मनात आले, आपले पाणी ओसरले. त्या गावांचे कधीच ओसरले नाही.

आल्प्समध्ये ग्राऊन नावाचे एक जुने गाव होते. पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात होते, पुढे इटलीत गेले. १९५० साली जलाशयासाठी ते बुडवण्यात आले. त्याच्या चौदाव्या शतकातील चर्चचा मनोरा आजही पाण्याच्या वर उभा आहे. त्याच्या घंटा आधीच उतरवलेल्या होत्या. तरी हिवाळ्यात त्या ऐकू येतात, अशी दंतकथा तेथे सांगतात. उकाईच्या जलाशयात असा मनोरा नाही. जी घरे बुडाली ती कुडाची, कौलांची आणि बांबूची होती. जी दैवते बुडाली ती झाडाखालच्या दगडांची होती. त्यांची आठवण ठेवायला पाण्यावर काही उरले नाही. उरली ती माणसांच्या बोलण्यात, आणि ते बोलणारे आता वृद्ध झाले आहेत.

म्हणून या व्याख्यानाच्या शेवटी उपदेश न करता मी एक विनंती करतो. किल्ला दगडाचा आहे. तो आणखी शंभर वर्षे थांबेल. माणसे थांबणार नाहीत. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत शिक्षक आहेत, वकील आहेत, यंत्रमागावर काम करून मुलांना शिकवणारे पालक आहेत. आपल्यातील कित्येकांचे मूळ तापीकाठच्या गावांत आहे. दर सुटीत चार विद्यार्थ्यांनी एका मोठ्या शिक्षकासह सोनगड परिसरातील पुनर्वसित वसाहतींत जावे. आजीआजोबांजवळ बसावे. बुडालेल्या गावाचे नाव, वाड्यांची नावे, नदीवरच्या उताराची जागा, देवीच्या आगमनाची घरात ऐकलेली हकीकत, धाणका बोर्डिंगमध्ये शिकलेल्या पणजोबांचे नाव, जे सांगतील ते त्यांच्या बोलीत जसेच्या तसे उतरून घ्यावे. एका वर्षी एक गाव झाले तरी पुष्कळ झाले.

पिलाजी आणि दमाजी यांच्याविषयी माझ्या मनातला आदर कमी झालेला नाही. प्रतिकूल काळात एका डोंगराच्या आधाराने राज्य उभारणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु 'आपली राजधानी' असे लिहिताना आता माझा हात थांबतो. आपण तेथे चाळीसपन्नास वर्षे मुक्कामाला होतो. गाव त्यांचे होते, आणि आहे.

गुरुजींनी तपासलेली वही पुरात गेली, पण प्रश्न गेला नाही. त्या वहीचे उरलेले अर्धे पान आपल्या हाती देऊन मी आपली रजा घेतो.