धामच्या पुलावर उतरवलेले ओझे

१/ सावंगी (मेघे) येथील रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे. तेथून वर्धा शहर ओलांडून नागपूरच्या वाटेला लागले की धाम नदी आणि तिच्या काठचे पवनार येते. मन रिकामे करण्याचा एक विलक्षण प्रयोग १९३८ साली येथे झाला. त्याचा विचार मात्र सहा वर्षे आधी, तुरुंगात मांडला गेला होता.

२/ १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, याप्रमाणे गीतेच्या १८ अध्यायांवर त्यांनी प्रवचने दिली. श्रोते सहबंदी होते. त्यांत जमनालाल बजाज होते. साने गुरुजींनी ही प्रवचने लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज वाचावयास मिळते.

३/ २७ मार्चचे प्रवचन सहाव्या अध्यायावर होते. मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरत नाही, ही अर्जुनाची तक्रार याच अध्यायातली. श्रीकृष्ण ती खोटी ठरवीत नाही. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतो.

४/ विनोबांनी ध्यानयोगाची तीन अंगे मांडली: चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता आणि समदृष्टी. यांतले दुसरे अंग सहज नजरेआड होते. परिमितता म्हणजे आहार, निद्रा, बोलणे, पाहणे, ऐकणे या सर्वांना माप असणे. दिवसभर इंद्रिये मोकाट सोडावीत आणि आसनावर बसताच मनाने स्थिर व्हावे, हे घडत नाही.

५/ या विचाराची कसोटी १९३८ साली लागली. अखंड श्रमांनी विनोबांचे शरीर खचले होते. वजन ८८ पौंड, म्हणजे सुमारे ४० किलो उरले होते. सेवाग्रामहून गांधीजींनी विश्रांतीचा आग्रह धरला. विनोबांनी थंड हवेच्या ठिकाणाऐवजी पवनारच्या टेकडीवरील जमनालालजींचा बंगला निवडला. संस्थांची सारी चिंता मागे ठेवावी, ही गांधीजींची अट होती.

६/ धामचा पूल ओलांडताना विनोबांनी मनोमन तीनदा उच्चारले की आपण सर्व सोडले आहे. त्यानंतर विचारांचे ओझे त्यांनी खरोखरच खाली ठेवले. दिनक्रमात खोदकाम आले: आरंभी काही मिनिटे, मग हळूहळू अधिक. शरीर सावरू लागले. याच खोदकामात भरत-रामाच्या भेटीचे प्राचीन शिल्प सापडले. ते आजही पवनारच्या आश्रमात आहे.

७/ ही निवृत्ती पळवाट नव्हती. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांनाच निवडले आणि १७ ऑक्टोबरला सत्याग्रहाचा आरंभ पवनारातच झाला. १९५१ साली भूदानाची पदयात्रा सुरू झाली, ती पुढे अनेक वर्षे चालली.

८/ धुळ्यात सांगितलेला क्रम पवनारात असा प्रत्यक्षात उतरला. आधी व्याप मर्यादित झाला, मग हातांना एक ठरलेले काम मिळाले, आणि मन त्यांच्यामागून स्थिरावले.