वॉडकटर काडतूस (.३८ स्पेशल)

रिव्हॉल्व्हरने लक्ष्यवेधी नेमबाजी करण्यासाठी थोडी दारू घालून तयार केलेले काडतूस. अमेरिकेतील नेमबाज वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून ते घरीच करीत आले आहेत.

यातील शिशाच्या गोळीला टोक नसते. ती सपाट तोंडाची, दंडगोलाकार असते आणि पुंगळीच्या काठापर्यंत आत बसवलेली असते. गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते, तर ही काठोकाठ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद राहत नाही. रूढ वजन १४८ ग्रेन (सुमारे ९.६ ग्रॅ.) आणि वेग सेकंदाला सुमारे २०० ते २३० मी. धक्का सौम्य असल्याने दीर्घ सरावातही हात स्थिर राहतो.

रिव्हॉल्व्हरचे चक्र चापाच्या किंवा घोड्याच्या ओढीने फिरते. त्याला बाराच्या धक्क्याची गरज नसते. म्हणून भार हवा तितका सौम्य ठेवता येतो, शिवाय रिकाम्या पुंगळ्या उडून न जाता चक्रातच राहतात. .२२ रिमफायर काडतुसाचे स्फोटक मिश्रण कडेच्या घडीत असते, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही; .३८ स्पेशलचा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) तळाशी मध्यभागी स्वतंत्र बसतो आणि बदलता येतो. जुना प्रायमर काढणे, फुगलेली पुंगळी साच्यातून मूळ मापावर आणणे, नवा प्रायमर, तोललेली दारू, गोळी आणि शेवटी तोंड आवळणे, असा क्रम असतो.

खरी जोखीम पुंगळीतील रिकाम्या जागेत आहे. स्मिथ अँड वेसनने १८९८ मध्ये हे काडतूस आणले तेव्हा त्याची २९.३ मिमी. लांब पुंगळी काळ्या दारूच्या हिशेबाने आखलेली होती. धूरविरहित दारू तिच्या तळाशीच राहते; म्हणून चुकून दोनदा घातली तरी ती सांडत नाही आणि वरवर पाहता लक्षातही येत नाही. असा बार चक्र फोडू शकतो. उलट चूकही तितकीच वाईट: दारू घालायची राहिली, तर एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलून अडकवतो. अर्धस्वयंचलित पिस्तूल अशा वेळी बहुधा पुढचे काडतूस चढवत नाही, रिव्हॉल्व्हर मात्र पुढचा बार निमूटपणे समोर आणते. तो झाडला तर नळी फुगते वा फुटते. म्हणून गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या उभ्या मांडून, प्रत्येकीत उजेड पाडून दारूची पातळी पाहणे अनिवार्य मानावे. भार प्रमाणित भरण-पुस्तिकेतूनच घ्यावा. पोकळ बुडाच्या गोळीला जादा दारू दिल्यास तिची पातळ कड फाटून नळीत राहू शकते. शिशाच्या संपर्कामुळे कामानंतर हात धुणेही आवश्यक आहे.

१९६१ मध्ये स्मिथ अँड वेसनने खास याच काडतुसासाठी ‘मॉडेल ५२’ हे पिस्तूल काढले. आंतरराष्ट्रीय २५ मी. सेंटर फायर स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिमी. व्यासाची काडतुसे चालतात, तेथे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग वॉडकटर अधिक पसंत केले जाते. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसे तयार करण्यास परवाना लागतो.