लखनौ कसोटी १९५२ : एकतर्फी विजय आणि प्रेक्षकांचा रोष

लखनौ विद्यापीठाच्या मैदानावर २३ ते २६ ऑक्टोबर १९५२ या काळात भारत आणि पाकिस्तान यांच्यात कसोटी सामना खेळला गेला. पाकिस्तानने तो एक डाव आणि ४३ धावांनी जिंकला. पाकिस्तानचा हा केवळ दुसरा कसोटी सामना, आणि कसोटी क्रिकेटमधील त्यांचा पहिला विजय. या सामन्याची नोंद आकडेवारीबरोबरच प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेसाठीही घेतली जाते. फाळणीला अवघी पाच वर्षे झालेली असताना लखनौच्या प्रेक्षकांचा रोष पाहुण्या संघावर नव्हे, तर आपल्याच पराभूत संघावर व्यक्त झाला.

पार्श्वभूमी

१९५२ हे वर्ष भारतीय क्रीडारसिकांसाठी मोठ्या चढउतारांचे ठरले. १९३२ साली पहिली कसोटी खेळलेल्या भारताला पहिल्या विजयासाठी वीस वर्षे वाट पाहावी लागली होती. आपल्या पंचविसाव्या कसोटीत, फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रास येथे भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी नमवले. मात्र त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर संघाची दारुण अवस्था झाली. लीड्स येथे दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वीच चार गडी बाद झाले, तर मँचेस्टर येथे संपूर्ण संघ एकाच दिवसात दोनदा, ५८ आणि ८२ धावांत गारद झाला.

हॉकीत याउलट चित्र होते. जुलै १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सचा ६-१ असा पराभव करून सुवर्णपदक पटकावले. या संघाचे कर्णधार कुंवर दिग्विजय सिंग, अर्थात के. डी. सिंग 'बाबू', हे लखनौलगतच्या बाराबंकीचे होते. त्यामुळे विजयाचा आनंद या परिसराला नुकताच अनुभवायला मिळाला होता.

पाकिस्तानला कसोटी खेळण्याचा दर्जा जुलै १९५२ मध्ये मिळाला. दिल्लीतील पहिली कसोटी भारताने १८ ऑक्टोबर रोजी एक डाव आणि ७० धावांनी जिंकली. विनू मंकड यांनी त्या सामन्यात १३१ धावांत १३ बळी घेतले, तर हेमू अधिकारी यांनी नाबाद ८१ धावा केल्या. पाचच दिवसांनी लखनौचा सामना सुरू झाला, तेव्हा त्याच निकालाची पुनरावृत्ती होईल, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते.

सामना

लखनौत मंकड, अधिकारी आणि विजय हजारे हे तिघेही भारतीय संघात नव्हते. गोमती नदीच्या काठावरील या मैदानावर गवताची खेळपट्टी नव्हती. तागाच्या चटईवर, म्हणजेच मॅटिंगवर, सामना खेळवण्यात आला. अशा पृष्ठभागावर चेंडू टप्पा पडल्यानंतर झपाट्याने वळतो. लेगकटर हे फझल महमूद यांचे प्रमुख अस्त्र होते आणि मॅटिंगवर ते अधिकच प्रभावी ठरले.

भारताचा पहिला डाव १०६ धावांत आटोपला. फझल यांनी ५२ धावांत ५ गडी बाद केले. त्याला उत्तर देताना पाकिस्तानने ३३१ धावा केल्या. सलामीवीर नझर मोहम्मद यांनी ८ तास ३५ मिनिटे फलंदाजी करून नाबाद १२४ धावा केल्या. पाकिस्तानच्या फलंदाजाचे हे पहिले कसोटी शतक होते. डावाच्या प्रारंभापासून अखेरपर्यंत ते नाबाद राहिले आणि भारताच्या दोन्ही डावांत क्षेत्ररक्षणालाही उभे होते. संपूर्ण कसोटीभर मैदानावर राहिलेले ते पहिले खेळाडू ठरले.

दुसऱ्या डावात भारताला १८२ धावाच करता आल्या. कर्णधार लाला अमरनाथ यांनी नाबाद ६१ धावा करून एकाकी प्रतिकार केला. फझल यांनी ४२ धावांत ७ गडी टिपले. सामन्यातील त्यांची कामगिरी ९४ धावांत १२ बळी अशी होती.

प्रेक्षकांची प्रतिक्रिया

सामना संपल्यानंतर प्रेक्षकांचा संयम सुटला. भारतीय खेळाडूंना हुर्यो आणि संतापाला तोंड द्यावे लागले. संघाच्या बसलाही या रोषाची झळ पोहोचल्याचे उल्लेख आढळतात. दिल्लीच्या विजयानंतर वाढलेली अपेक्षा, प्रमुख खेळाडूंची अनुपस्थिती आणि प्रतिकाराविना झालेली पडझड यांचा हा एकत्रित परिणाम मानता येईल.

या प्रतिक्रियेचा रोख विशेष लक्षणीय आहे. पाहुण्या संघातील अनेक चेहरे भारतीय क्रिकेटला परके नव्हते. कर्णधार अब्दुल हफीझ कारदार १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताकडून कसोटी खेळले होते. फझल महमूद यांची १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारतीय संघात निवड झाली होती, परंतु फाळणीनंतर त्यांनी पाकिस्तानात राहणे पसंत केले. हे दोघेही लाहोरच्या इस्लामिया कॉलेजचे विद्यार्थी. लाला अमरनाथ यांची क्रिकेटमधील जडणघडणही लाहोरमध्येच झाली होती. एकाच शहराच्या मैदानांवर वाढलेले खेळाडू लखनौत दोन देशांचे प्रतिनिधी म्हणून समोरासमोर आले होते.

पुढील घडामोडी

मालिकेतील तिसरी कसोटी नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. हजारे आणि मंकड संघात परतले. हजारे यांनी नाबाद १४६ आणि पॉली उम्रीगर यांनी १०२ धावा केल्या, मंकड यांनी सामन्यात ८ बळी घेतले आणि भारताने दहा गडी राखून विजय मिळवला. मद्रास व कलकत्ता येथील सामने अनिर्णित राहिल्याने भारताने मालिका २-१ अशी जिंकली.

विद्यापीठाच्या मैदानावर त्यानंतर एकही कसोटी झाली नाही. लखनौला पुढील कसोटीसाठी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. जानेवारी १९९४ मध्ये के. डी. सिंग 'बाबू' यांचेच नाव असलेल्या स्टेडियमवर भारताने श्रीलंकेचा एक डाव आणि ११९ धावांनी पराभव केला. सचिन तेंडुलकर यांनी १४२, नवज्योतसिंग सिद्धू यांनी १२४ धावा केल्या आणि अनिल कुंबळे यांनी ११ बळी घेतले. यावेळी एकतर्फी विजय यजमानांचा होता. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी शहरातील एकाना स्टेडियमवर विश्वचषक सामन्यात भारताने २२९ धावांची माफक धावसंख्या राखताना इंग्लंडला १२९ धावांत रोखले, तेव्हाही लखनौने मोठा विजय साजरा केला.

प्रेक्षकांची दोन रूपे

भारतीय मैदानांवर प्रेक्षकांच्या संतापाचे प्रसंग पुढेही घडले. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषक उपांत्य सामना प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे अर्धवट थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित करण्यात आले. त्याउलट ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत पाकिस्तानने भारताला १२ धावांनी हरवले, तेव्हा चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभे राहून विजेत्यांना टाळ्यांची दाद दिली आणि पाकिस्तानी खेळाडूंनी मैदानाला फेरी मारून त्या अभिवादनाचा स्वीकार केला.

चेन्नईत भारतीय संघ विजयाच्या उंबरठ्यापर्यंत झुंजला होता, लखनौत ती झुंज दिसली नव्हती. पराभवापेक्षाही प्रतिकाराचा अभाव प्रेक्षकांना अधिक बोचतो, हे या दोन सामन्यांची तुलना केल्यास स्पष्ट होते. नझर मोहम्मद यांची कारकीर्द पाच कसोटींतच संपली. मात्र १९८३ मध्ये त्यांचे पुत्र मुदस्सर नझर यांनी लाहोर येथे भारताविरुद्धच डावाच्या अखेरपर्यंत नाबाद राहून १५२ धावा केल्या आणि लखनौच्या त्या खेळीचे स्मरण करून दिले.