रात्रीचा नेम

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी दिवसाउजेडी जर्मन लढाऊ विमानांपुढे टिकाव लागेना, म्हणून ब्रिटिश बाँबफेकी विमानांनी रात्रीचा आश्रय घेतला. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि तारे एवढ्याच साधनांवर वैमानिकांना आपले स्थान ठरवावे लागे. परतल्यावर ते लक्ष्यवेध झाल्याचे सांगत आणि ते खोटे बोलत नसत. अंधार व ढग यांनी त्यांना फसविलेले असे.

१९४१ च्या ऑगस्टमध्ये युद्धमंत्रिमंडळाच्या कचेरीतील बट नावाच्या अधिकाऱ्याने, लॉर्ड चेरवेल यांच्या सूचनेवरून, हल्ल्यांच्या वेळी विमानांतून घेतलेली सहाशेहून अधिक छायाचित्रे तपासली. निष्कर्ष विदारक होता. लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद असलेल्या विमानांपैकी तिनांत एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचले होते. धुराने झाकलेल्या रूर खोऱ्यात तर दहांत एक!

यानंतर दोन वाटा चोखाळल्या गेल्या. एक शास्त्रज्ञांची. १९४२ च्या मार्चमध्ये रेडिओलहरींवरून स्थान सांगणारी ‘जी’ पद्धती हल्ल्यांसाठी वापरात आली. ऑगस्टमध्ये, पुढे जाऊन लक्ष्यावर खूण करणाऱ्या वाटाड्या विमानांचे दल उभे राहिले. डिसेंबरमध्ये ‘ओबो’ आले. इंग्लंडमधील एका केंद्रापासून ठरावीक अंतर राखीत विमान कंसाकार मार्गाने उडे आणि दुसरे केंद्र बाँब सोडण्याचा क्षण कळवी. पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याचा पल्ला रूरच्या फारसा पुढे जात नसे. त्यापलीकडच्या नगरांसाठी १९४३ च्या जानेवारीपासून विमानातच बसविलेले, खालच्या भूमीचे चित्र दाखविणारे रडार उपयोगात आले.

दुसरी वाट धोरणाची. कारखाना अंधारात सापडत नाही, तर अवघे नगरच लक्ष्य मानावे! १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने औद्योगिक कामगारांचे मनोधैर्य हेच हल्ल्याचे मुख्य लक्ष्य ठरले.

पुढे नेम सुधारला; लक्ष्य मात्र आकसले नाही. १९४३ च्या जुलैअखेरच्या हल्ल्यांत हँबुर्गमध्ये पस्तीस हजारांहून अधिक माणसे मेली. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीपूर्वी फ्रान्समधील रेल्वेची आवारे उद्ध्वस्त करताना तेथील नागरिक शक्य तितके वाचावेत, असा चर्चिल यांचा आग्रह होता. त्या हल्ल्यांत नेम अपेक्षेहून चांगला लागला, तरीही हजारो फ्रेंच नागरिक प्राणांस मुकले. जर्मन नगरांवरील सरसकट बाँबवर्षाव १९४५ पर्यंत चालूच राहिला. अगतिकतेतून स्वीकारलेले धोरण ती अगतिकता ओसरल्यावरही सुटले नाही. बाँब कोठे पडेल हे यंत्र सांगू लागले होते. तो कोठे पडू नये, हे ठरविणे माणसांकडेच होते.