एक लॉगिन, दोन भूमिका

आमच्या गल्लीतल्या शिकवणीत दहावीचा मुलगा स्वतः शिकायचा, मग पाचवीच्या पोरांना शिकवायचा. त्यावर कुणी मालकी सांगितली नाही. अमेरिकेच्या ब्लॅकबोर्ड कंपनीला मात्र एकाच लॉगिनवर एका अभ्यासक्रमात विद्यार्थी आणि दुसऱ्यात शिक्षक होता येणाऱ्या प्रणालीचं पेटंट जानेवारी २००६ मध्ये मिळालं. जुलैत तिने कॅनडातल्या 'डिझायर टू लर्न'वर टेक्सासमध्ये खटला भरला. २००८ मध्ये ज्युरीने सुमारे ३१ लाख डॉलर भरपाई ठरवली. मूडलसारखं मोफत सॉफ्टवेअर बनवणारेही धास्तावले. लोकांनी विकिपीडियावर जुन्या प्रणालींचा इतिहास जमवायला घेतला. मला तोच या भांडणातला खरा ऐवज वाटतो. जुलै २००९ मध्ये अपील न्यायालयाने पेटंटमधले दावे रद्द ठरवले: हे आधीच्या प्रणालींत होतंच. त्यातली एक, कोर्सइन्फो, खुद्द ब्लॅकबोर्डच्याच घरातली! डिसेंबरात दोघांनी तडजोड केली.